मतपरीक्षेंतील शिष्य

इ. स. १८३९ सालीं कलकत्त्यास ‘मतपरीक्षा’ नांवाचा एक लहानसा संस्कृत ग्रंथ छापून प्रसिद्ध झाला. त्याचा कर्ता जॉन म्यूर हा कंपनी सरकारच्या मुलकी नोकरींतील स्कॉटिश गृहस्थ होता. ग्रंथ पद्यांत असून त्याची रचना गुरुशिष्यसंवादाची आहे. जगांत मतें अनेक आहेत, त्यांतील खरें कोणतें हें कसें ओळखावें, असें शिष्य विचारतो. गुरु तीन लक्षणें सांगतो: मतस्थापकाच्या ठायीं अद्भुत कृत्यें करण्याचें सामर्थ्य असावें, त्या मताचें शास्त्र पवित्र असावें, आणि तें सर्व मनुष्यमात्रासाठीं असावें. ह्या तिन्ही लक्षणांनीं ख्रिस्ती मत खरें ठरतें व आपल्या इकडील शास्त्रें खरीं ठरत नाहींत, असा निर्णय पुढें दिलेला आहे.

ह्या ग्रंथाची चर्चा आजवर बहुधा दोन अंगांनीं झालेली आहे. कोणी तो मिशनऱ्यांच्या उद्योगाचा एक दाखला म्हणून पाहतात, तर कोणी उत्तरकालीन संस्कृत वाङ्मयांतील एक कौतुकाची वस्तु म्हणून पाहतात. प्रस्तुत लेखांत तिसऱ्या अंगाचा विचार करावयाचा आहे. ख्रिस्ती मत सांगणाऱ्यांनीं आपल्या पुढें बसलेला संशयी तरुण आपल्या ग्रंथांत कसा रेखाटला, आणि प्रत्यक्षांतला संशयी तरुण कसा होता, ह्या दोहोंचा मेळ बसतो काय, हा तो प्रश्न होय. ह्याचें उत्तर ज्या साधनांतून मिळतें त्यांपैकीं बरींच हस्तलिखितें व जुनीं छापील पुस्तकें आहेत, म्हणून तो ह्या त्रैमासिकाच्या वाचकांपुढें मांडणें अप्रस्तुत होणार नाहीं.

आपल्या नैयायिकांनीं कथेचे, म्हणजे शास्त्रीय संभाषणाचे, तीन प्रकार मानिले आहेत. तत्त्व कळावें म्हणून उभयपक्ष प्रमाण व तर्क यांच्या आधारें बोलतात तो वाद. जिंकावें एवढ्याच हेतूनें छल, जाति इत्यादिकांचाही आश्रय करून बोलणें तो जल्प. स्वतःचा पक्ष न मांडतां केवळ दुसऱ्याचा खोडणें ती वितंडा. वादाचा पाया पूर्वपक्ष होय. पूर्वपक्ष असा मांडिला पाहिजे कीं, तो ज्याचा आहे त्यानें ऐकतांच ‘होय, हेंच माझें म्हणणें’ असें म्हणावें. आपल्या भाष्यकारांच्या ग्रंथांत कित्येकदां पूर्वपक्ष इतका भरदार असतो कीं, नवशिका विद्यार्थी त्यालाच सिद्धांत समजून बसतो. शाळेंत ही फसगत नित्य पाहावयास मिळते, आणि ती भाष्यकाराच्या प्रामाणिकपणाची खूण होय. आतां हेंच माप ह्या वाङ्मयाला लावून पाहूं.

महाराष्ट्रांतील पहिले प्रसिद्ध प्रसंग जल्पाचे होत. इ. स. १८३१ मध्यें मुंबईस मोरभट दांडेकर व रेव्हरंड जॉन विल्सन यांचा झगडा झाला. दांडेकरांनीं ‘हिंदुधर्मस्थापना’ लिहिली, विल्सनसाहेबांनीं पुढच्याच वर्षीं तिचें खंडन छापिलें. पुढें १८५७ सालीं विष्णुबुवा ब्रह्मचारी व जॉर्ज बोएन प्रभृति मिशनरी यांच्या सभा मुंबईच्या समुद्रकिनारीं भरल्या. त्यांचा वृत्तांत पुढें मराठींत ‘समुद्रकिनारींचा वादविवाद’ ह्या नांवानें निघाला. ह्या प्रसंगांत दोन्ही पक्ष जिवंत आहेत, प्रश्न खरे आहेत, आणि उत्तरें त्या त्या क्षणीं सुचलेलीं आहेत. परंतु भोंवतीं जमलेल्या समुदायाकडे पाहून बोलणाऱ्यास तत्त्वनिर्णयापेक्षां जय अधिक प्रिय होतो, आणि असल्या सभेंतून संशयी मनुष्य बहुधा आपला संशय जसाच्या तसा घेऊन घरीं जातो.

‘मतपरीक्षे’ची गोष्ट निराळी आहे. तिच्यांत समुदाय नाहीं, आरडाओरड नाहीं. भाषा शुद्ध व सौम्य आहे. म्यूरसाहेबांचा संस्कृताचा व्यासंग वरवरचा नव्हता. पुढें १८४४ सालीं काशीच्या संस्कृत पाठशाळेचे ते प्रमुख झाले, आणि मूळ संस्कृत उताऱ्यांचा त्यांचा पंचखंडात्मक संग्रह अभ्यासकांस आजही उपयोगी पडतो. तेव्हां ग्रंथाचें बाह्य रूप वादाचें आहे यांत शंका नाहीं. पण त्यांतील शिष्य पाहा. गुरूला पुढची पायरी चढावयाची असली म्हणजे शिष्य प्रश्न विचारतो, आणि ती चढून झाली म्हणजे शिष्याचें समाधान होतें. तीन लक्षणें गुरूनें सांगितलीं. तीं तीनच कां, चौथें न्यायाचें लक्षण कां नको, अद्भुत कृत्यें तर आमच्याही पुराणांत आहेत, मग तुमचीं खरीं व आमचीं खोटीं हें ठरविणारें प्रमाण कोणतें, असें काशींतील कोणत्याही पाठशाळेंतला सोळा वर्षांचा विद्यार्थी विचारल्यावांचून राहिला नसता. म्यूरसाहेबांचा शिष्य ह्या जागीं पुरेसा अडत नाहीं. संवादांत दोन नांवें आहेत, परंतु पक्ष एकच आहे.

ह्या ग्रंथास संस्कृतांत तीन उत्तरें आलीं. रिचर्ड फॉक्स यंग यांनीं १९८१ सालीं व्हिएन्नाहून प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी प्रबंधांत ह्या तिन्हींचा एकत्र विचार केलेला आहे, आणि जिज्ञासूंनीं तो अवश्य पाहावा. पहिलें उत्तर ‘मतपरीक्षाशिक्षा’, १८३९ सालचें. त्यावर कर्त्याचें नांव सोमनाथ असें आहे. परंतु तो म्हणजे सिहोर येथील आपले महाराष्ट्रीय ज्योतिषी सुबाजी बापू होत, असें यंग यांनीं दाखविलें आहे. सुबाजींनीं लॅन्सेलॉट विल्किन्सन यांच्या सहवासांत नवीन ज्योतिषाचा स्वीकार केलेला होता. त्यांच्या उत्तराचा सूर शांत आहे: ईश्वरानें निरनिराळ्या लोकांस निरनिराळे मार्ग दिले, ज्यानें त्यानें आपल्या मार्गानें जावें, दुसऱ्याच्या मार्गाची निंदा करूं नये. दुसरें उत्तर कलकत्त्याच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचें, १८४० मधील, आणि तें तिखट आहे. तिसरें ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’, १८४४–४५ च्या सुमाराचें. त्याचे कर्ते काशींत वाढलेले चित्पावन ब्राह्मण नीळकंठशास्त्री गोऱ्हे होत. त्यांचा जन्म १८२५ चा. म्हणजे हा ग्रंथ लिहितांना त्यांचें वय अवघें एकोणीस-वीस वर्षांचें होतें.

प्रस्तुत लेखकाच्या मतें ह्या सर्व वाङ्मयांत ‘मतपरीक्षे’ला जो शिष्य हवा होता तो येथें सांपडतो. नीळकंठशास्त्री प्रथम शास्त्र व तर्क यांचें नातें ठरवितात. अतींद्रिय विषयांत स्वतंत्र तर्काची गति नाहीं. शास्त्रावर श्रद्धा आधीं, तर्क तिच्या मागून व तिच्या साहाय्यासाठीं. म्हणून केवळ तर्कानें शास्त्राची परीक्षा करूं पाहणाऱ्या म्यूरसाहेबांची पद्धतीच त्यांना मान्य नाहीं. आणि तरीही, तर्कानेंच पाहावयाचें तर पाहा, असें म्हणून ते उलट प्रश्न करितात. पूर्वजन्म नाहीं, कर्म नाहीं, असें मानिलें तर एक जन्मतःच आंधळा व दुसरा राजपुत्र हा भेद कशामुळें? मुक्या जनावरांनीं कोणतें पाप केलें म्हणून त्यांनीं दुःख भोगावें? मोजक्या वर्षांच्या आयुष्यांत केलेल्या मोजक्या पापाला अंत नसलेला नरक ही शिक्षा कोणत्या न्यायाची? हे प्रश्न कुचेष्टेचे नव्हत. ईश्वर न्यायी असला पाहिजे ही प्रश्नकर्त्याची निष्ठा आहे, आणि त्या निष्ठेंतूनच त्याचा संशय उत्पन्न झालेला आहे.

मग १८४८ सालीं ह्याच नीळकंठशास्त्र्यांनीं ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला व ते नेहेम्या गोऱ्हे झाले. हें कसें घडलें? काशीच्या चर्च मिशनचे विल्यम स्मिथ यांच्याशीं वाद घालावयास ते प्रथम गेले, आणि जात राहिले. स्मिथ यांनीं ह्या परिवर्तनाची हकीकत १८५० सालीं लंडनमध्यें ‘द्विज’ ह्या नांवानें छापिली. स्मिथ हे म्यूरसाहेबांसारखे संस्कृतज्ञ नव्हते. त्यांनीं आपल्या हातून लिहिलेला कोणताही कृत्रिम शिष्य ह्या तरुणापुढें ठेविला नाहीं. बायबल त्याच्या हातीं दिलें, तो जे आक्षेप घेऊन येई ते ऐकून घेतले, आणि दार उघडें ठेविलें. गोऱ्हे यांच्या मनावर विशेष परिणाम झाला तो डोंगरावरील प्रवचनाचा. पुढें १८९५ मध्यें बाप्तिस्मा घेणारे आपले कवि नारायण वामन टिळक यांच्याही बाबतींत तेंच प्रवचन कारण झालें, हें येथें नमूद करण्याजोगें आहे. त्यांनाही आगगाडींत भेटलेल्या एका युरोपियन गृहस्थानें पुस्तक दिलें व वाचावयास सांगितलें, एवढेंच.

परंतु ह्यावरून गोऱ्हे यांच्या प्रश्नांना उत्तरें मिळालीं असें समजणें चुकीचें होईल. अनंत नरकाविषयींचा प्रश्न त्यांनीं विसाव्या वर्षीं म्यूरसाहेबांना विचारला. तोच प्रश्न ख्रिस्ती झाल्यावर, पुढें दीक्षित पुरोहित झाल्यावरही, त्यांना छळीत राहिला, हें त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसतें. त्यांच्या मनांत पूर्वपक्ष कधीं मेलाच नाहीं. आणि हेंच त्यांच्या नंतरच्या ग्रंथांचें बळ आहे. १८६० सालचा त्यांचा हिंदी ‘षड्दर्शनदर्पण’ घ्या. दोन वर्षांनीं फिट्‌झएडवर्ड हॉल यांनीं त्याचें इंग्रजी भाषांतर केलें. ग्रंथ सर्व आस्तिक दर्शनांचें खंडन करणारा आहे आणि त्यांतील कित्येक युक्तिवाद आमच्यासारख्यास पटत नाहींत. तथापि सांख्य काय म्हणतो, नैयायिक काय म्हणतो, वेदांती कोठें सरकून जातो, हें ज्यानें त्या त्या पंक्तींत बसून शिकलें त्याच्याच लेखणींतून उतरावें असें त्यांत उतरलें आहे. तो ग्रंथ वाचून वेदांत्याला राग येईल, परंतु ‘हें माझें म्हणणेंच नव्हे’ असें म्हणण्याचे प्रसंग त्याच्यावर म्यूरसाहेबांच्या ग्रंथापेक्षां पुष्कळ कमी येतील.

आतां पुण्याकडे वळूं. कारण संशयी तरुणांची खरी गांठ येथेंच पडावयाची होती. मुंबईस १८६७ त प्रार्थनासमाज निघाला व १८७० त पुण्यास त्याची शाखा झाली. इंग्रजी शिकलेले, मूर्तिपूजा सोडलेले, एक ईश्वर मानणारे, परंतु अद्भुत कृत्यें व ईश्वरप्रणीत ग्रंथ न मानणारे असे हे तरुण होते. न्यायमूर्ति रानडे यांनीं १८७२ मध्यें आपल्या ईश्वरवादाचें निवेदन इंग्रजींत मांडिलें होतें. अशा श्रोत्यांसाठीं गोऱ्हे यांनीं मुंबई व पुणें येथें दिलेलीं चार व्याख्यानें १८७५ सालीं छापून निघालीं. त्यांतील मुख्य मुद्दा असा: ज्या प्रेमळ, न्यायी, पवित्र पित्याची तुम्ही प्रार्थना करितां, तो तुम्हांस तुमच्या बुद्धीनें सांपडलेला नाहीं, ती कल्पना तुम्हीं ख्रिस्ती शास्त्रांतून उचलली आहे, आणि मूळ टाकून फळ तेवढें घेतलें आहे.

संस्कृत शिकलेल्या वाचकाला येथें एक गोष्ट तात्काळ ओळखूं येते, व ती आजवरच्या चर्चेंत पुरेशी पुढें आलेली नाहीं. १८४४ च्या नीळकंठशास्त्र्यांनीं म्यूरसाहेबांना जें सांगितलें, तेंच १८७५ चे फादर गोऱ्हे रानड्यांच्या पिढीला सांगत आहेत: अतींद्रिय विषयांत तर्क एकटा अपुरा, शब्दप्रमाण पाहिजे. त्यांचें शास्त्र बदललें. शास्त्राविषयींचा त्यांचा सिद्धांत बदलला नाहीं. ज्याला आपण मतांतर म्हणतों त्याच्या खालीं मीमांसकाची बैठक जशीच्या तशी आहे. आणि म्हणूनच, माझ्या मतें, प्रार्थनासमाजी तरुणांवर त्यांचा मोठासा प्रभाव पडला नाहीं. ते तरुण ‘कोणता शब्द प्रमाण’ असें विचारीत नव्हते, ‘शब्द प्रमाण कां’ असें विचारीत होते. स्वतःच्या तरुणपणींचा संशय गोऱ्हे यांना अक्षरशः पाठ होता. पुढच्या पिढीचा संशय निराळ्या जातीचा होता, आणि त्याचा पूर्वपक्ष करावयाचा तर तो त्या पिढीच्या तोंडूनच ऐकावयास हवा होता.

ह्या प्रकरणाला दुसरीही एक बाजू आहे व ती दडपून चालणार नाहीं. मिशनच्या शाळेंतील विद्यार्थी व त्याचे गुरु यांचा संवाद बरोबरीचा नसे. १८४३ सालीं मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेंतील नारायण शेषाद्रि ख्रिस्ती झाले व त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहूं लागला. तो अल्पवयी म्हणून न्यायालयानें त्यास बापाच्या स्वाधीन केलें. पुढें त्यास जातींत घ्यावें म्हणून बाळशास्त्री जांभेकरांनीं प्रायश्चित्ताचा पुरस्कार केला, तेव्हां त्यांना स्वजनांचा रोष सोसावा लागला. एका मुलाच्या श्रद्धेपायीं एक घर, एक जात व एक न्यायालय गुंतलेलें होतें. अशा स्थितींत मुलाच्या तोंडीं आलेला होकार कितपत त्याचा स्वतःचा, हें कोण सांगणार? मी तीसहून अधिक वर्षें वर्गांत तर्कसंग्रह शिकविला. वर्गांतील मौनाला संमति समजणारा शिक्षक फसतो, एवढें खात्रीनें सांगूं शकतों.

उलट ज्यांनीं तेथेंच शिकून आपलें मन स्वतंत्र ठेविलें त्यांचींही उदाहरणें पुण्यांतच आहेत. जोतीराव फुले हे १८४१ पासून १८४७ पर्यंत येथील स्कॉटिश मिशनच्या शाळेंत होते. त्यांनीं मिशनऱ्यांचें ऋण मानिलें, थॉमस पेन यांचाही ग्रंथ वाचला, आणि ते ख्रिस्ती झाले नाहींत. १८९१ मध्यें त्यांच्या मृत्यूनंतर निघालेलें ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रश्नोत्तररूपाचें आहे, आणि एकाच घरांतील माणसांनीं आपापल्या मनास पटेल तो धर्म मानून प्रेमानें एकत्र राहावें, ही त्यांतील कल्पना प्रसिद्ध आहे. बेळगांवचे बाबा पदमनजी यांची वाट निराळी. मिशनच्या शाळा, मग परमहंस सभा, मग १८५४ सालीं बाप्तिस्मा. ‘अरुणोदय’ ह्या आत्मचरित्रांत त्यांनीं आपल्या पूर्वीच्या श्रद्धेचें व तिच्या ढांसळण्याचें जें वर्णन केलें आहे, तें त्यांच्या शेकडों पानांच्या खंडनग्रंथांपेक्षां अधिक टिकेल असें मला वाटतें. कारण त्यांत ते स्वतःच पूर्वपक्ष आहेत, व स्वतःच्या पूर्वायुष्याचा अवमान त्यांनीं सहसा केलेला नाहीं.

परंतु ह्या वाङ्मयांतील सर्वांत पूर्ण संवाद कोणीही ग्रंथ म्हणून लिहिलेला नाहीं. १८८२ मध्यें पंडिता रमाबाई पुण्यास आल्या. गोऱ्हे यांचा उपदेश व त्यांचें लेखन यांचा त्यांच्यावर परिणाम झाला, हें त्यांनीं कृतज्ञतेनें सांगितलेलें आहे. १८८३ च्या सप्टेंबरांत इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां त्या पंचवीस वर्षांच्या होत्या. संशय संपले असें समजून त्यांच्या गुरुभगिनी निश्चिंत झाल्या असतील, तर त्यांची निराशा झाली. त्रैक्याचा सिद्धांत, ख्रिस्ताचें ईश्वरत्व, धर्मगुरूंचा अधिकार, ह्या सर्वांवर रमाबाईंनीं पत्रांतून निर्भय प्रश्न केले. ब्राह्मणांच्या पुरोहितशाहींतून सुटून दुसऱ्या पुरोहितांच्या आज्ञेंत जाण्यास त्यांनीं नकार दिला. सिस्टर जेराल्डीन यांनीं हीं पत्रें, स्वतःला प्रतिकूल असलेलीं देखील, जपून ठेविलीं. तीं १९७७ सालीं महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृति मंडळानें प्रसिद्ध केलीं. त्यांत गुरु आहे, शिष्या आहे, आणि पक्ष खरोखरीच दोन आहेत. एकीचें उत्तर दुसरीला पटत नाहीं, तरी संबंध तुटत नाहीं. म्यूरसाहेबांनीं कल्पनेनें जें करूं पाहिलें तें येथें चाळीस-पन्नास वर्षांनीं आपोआप घडलेलें दिसतें.

कोणी म्हणेल कीं, मतप्रसाराच्या पुस्तकाकडून पूर्वपक्षाच्या न्यायाची अपेक्षा करणें हाच अन्याय आहे. प्रसार करणारा वकील असतो, न्यायाधीश नव्हे. हें म्हणणें मान्य केलें तरी वकिलाच्या दृष्टीनें देखील हिशेब चुकतो. वर आलेल्या मंडळींपैकीं गोऱ्हे, टिळक वा रमाबाई यांपैकीं कोणीही दुबळ्या पूर्वपक्षाच्या पुस्तकानें जिंकला गेला नाहीं; त्यांतल्या एकाला तर अशा पुस्तकानें प्रतिपक्षाचा ग्रंथ लिहावयास लाविलें. आपल्या बाजूसही हाच न्याय लागू आहे. त्या काळीं खंडनमंडनाचीं जीं उत्तरें आमच्या शास्त्र्यांनीं व पुढें वृत्तपत्रकारांनीं लिहिलीं, त्यांतील ‘पाद्री’ हाही पुष्कळ ठिकाणीं गवताचा बाहुलाच आहे. सुबाजी बापूंची शांत वृत्ति व नीळकंठशास्त्र्यांची न्यायनिष्ठा यांचें अनुकरण करणारे थोडेच निघाले.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ शंभर वर्षें हस्तलिखितांतच राहिला. १९५१ सालीं सदाशिव ल. कात्रे यांनीं संपादिलेली त्याची प्रत उज्जयिनीच्या सिंदिया प्राच्य संस्थेनें छापली, तेव्हां तो अभ्यासकांच्या हातीं आला. ज्या ग्रंथाला तें उत्तर आहे तो मात्र पहिल्यापासून छापील होता. शंभर वर्षें जगानें प्रश्न वाचला, उत्तर वाचलें नाहीं. आपल्या जुन्या वाड्यांतील दप्तरांत मिशनचीं चोपडीं ‘धर्माच्या बाहेरचीं’ म्हणून व त्यांवरील उत्तरांचे कागद ‘फारसे जुने नव्हेत’ म्हणून बाजूला टाकले जातात. बखरी व सनदा तेवढ्या उचलल्या जातात. अशीं चोपडीं व असे कागद सांपडल्यास ते वेगळे न करितां एकाच रुमालांत बांधावे, कोणत्या घरीं व कोणत्या कागदांसोबत सांपडले याची टीप ठेवावी, आणि समासांत कोणा विद्यार्थ्याच्या हातचें कांहीं लिहिलेलें असेल तर तें विशेष जपावें. छापील संवादांतील शिष्य जेथें गप्प राहिला, तेथें खऱ्या शिष्यानें काय विचारलें, हें कळण्याची आशा त्या समासांतच आहे.